पडद्यावर सरळ

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे ओळंबेकाका म्हणत. नव्या बिऱ्हाडकरूंना ते त्यांचं आडनाव वाटायचं, मग पत्रपेटीवरचं खरं आडनाव वाचून ते बुचकळ्यात पडायचे. हे नाव त्यांना छापखान्यातल्या सोबत्यांनी दिलेलं. भिंत उभी सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतो, तो ओळंबा. काकांची सगळी नोकरी छापखान्यात रंग जुळवण्यात गेली. कागदावर एकामागून एक चार रंग छापतात, त्यातला एक केसभर जरी सरकला तरी छापलेल्या माणसाला दोन नाकं दिसायला लागतात. ते होऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम.

नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करायचे आणि मग बूड टेकायचे. एकदा एका घरी आजोबा वारले म्हणून भेटायला गेले होते. दोन मिनिटं मान खाली घालून बसले, आणि तिसऱ्या मिनिटाला उठून आजोबांची तसबीर सरळ केली. घरातल्यांना वाटलं, काका नमस्कार करायला उठले. त्यांनी काकांना आणखी एकदा चहा विचारला.

वागणंही तसंच, नाकासमोर. खोटं बोलायचं नाही, पोटात ठेवायचं नाही. ही गोष्ट लांबून फार छान दिसते. जवळून ती काकूंनी सोसली होती. काकूंनी एकदा नवा चष्मा आणला आणि विचारलं, "कसा दिसतो?"

"उजवीकडे कललाय," काका म्हणाले.

"चष्मा की मी?"

काकांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही, थोडं थोडं."

काकू मुळातल्या बोलक्या. पण त्यांचं बोलणं ऐकायला घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची लेक. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि काकूंचं बोलणं जिन्यातल्या दिव्यासारखं झालं. कुणी आलं की लागायचं, थोड्या वेळानं आपोआप विझायचं. काका काही वाईट नवरा नव्हते. पण त्यांना एखादी गोष्ट सांगायला घेतली की ते मधेच म्हणत, "तो मंगळवार नव्हता, बुधवार होता." बुधवार कळल्यावर काकूंची पुढचं सांगायची इच्छाच संपत असे.

लेक कॉम्प्युटरच्या कामातली. जाताना आपला जुना लॅपटॉप ती घरी ठेवून गेली होती. एकदा फोनवर काका म्हणाले, "वेळ जात नाही गं."

"बाबा, तुम्ही पायथॉन शिका."

"म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. नाव अजगराचं आहे, पण चावत नाही."

मागून काकू म्हणाल्या, "घरात एक आहे तेवढा पुरे. दुसरा कशाला?"

पण काकांनी मनावर घेतलं. रोज लेक ऑफिसातून आली की त्यांची शिकवणी चालायची. फोटो उघडायचा कसा, पडद्यावर दाखवायचा कसा आणि त्यावर रेघ ओढायची कशी, एवढंच लेकीनं मुद्दाम निवडलं होतं. बापाची आवड तिला पाठ होती. रेघ ओढायची आज्ञा अगदी काकांच्या स्वभावाची निघाली. कोणत्या चित्रावर, कुठून, कुठपर्यंत, कोणत्या रंगाची आणि किती जाड, हे सांगायचं. बास. उगाच "जमलं तर बघ" वगैरे काही नाही.

सुरुवातीला फजिती झालीच. पहिल्या दिवशी चित्राची खिडकी उघडली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब झाली. काकांनी सात-आठ वेळा चालवून पाहिलं, दर वेळी तेच. लेकीला सांगितलं तर ती हसायला लागली. "बाबा, थांब म्हणून सांगायला लागतं त्याला. कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांब, अशी वेगळी ओळ लिहायची."

"न सांगता थांबत नाही?"

"नाही."

"तुझ्यासारखंच आहे," काकू मागून लेकीला म्हणाल्या. लेकीनं घाईघाईनं पुढची ओळ सांगायला घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी लाल रेघ मागितली आणि निळी आली. छापखान्यात जन्म काढलेल्या माणसाला रंगांवरून कुणी फसवावं, हे त्यांना फार लागलं. ही मंडळी रंग उलट्या क्रमानं मोजतात, आधी निळा, मग हिरवा, शेवटी लाल, हे कळायला एक दिवस गेला. मग आणखी एक दिवस उंची उलटी मोजतात हे कळण्यात गेला. शून्य वर, डाव्या कोपऱ्यात, आणि आकडा वाढला की रेघ खाली. "म्हणजे प्रगती झाली की माणूस खाली जातो," काका म्हणाले, आणि हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण महिन्याभरात हात बसला. काका दिसेल त्याचा फोटो काढायचे, लॅपटॉपवर घ्यायचे, त्यावर लाल रेघ टाकायचे आणि वाकडं काय आहे ते शोधायचे. समोरच्या दुकानाची पाटी वाकडी निघाली. रस्त्याकडेचा दिव्याचा खांब वाकडा निघाला. आमच्या इमारतीचा जिना तर असा निघाला की आम्ही काही दिवस कठडा धरून चढलो. लोकांना मजा वाटायची. आधी काका नुसते म्हणायचे तेव्हा लोक चिडायचे. आता पडद्यावर रेघ दिसते म्हटल्यावर तेच लोक "खरंच की!" म्हणायला लागले.

त्याच सुमारास आमच्याकडे भिंतीचा विषय निघाला. आमची इमारत आणि पलीकडची इमारत यांच्यामध्ये एक सामाईक पट्टा होता, आणि तिथे कचरा कोण टाकतं यावरून दोन्हीकडे फार जुना वाद होता. आमचे लोक म्हणत ते टाकतात, त्यांचे लोक म्हणत आम्ही. खरं तर दोघेही टाकत होतो. पण सत्य असं दोन्हीकडे सारखं वाटून गेलं की कुणाच्याच कामाचं राहत नाही. शेवटी आमच्या अध्यक्षांनी ठरवलं की मध्ये भिंत घालायची, पुरुषभर उंचीची, म्हणजे तोंडंच दिसायला नकोत. अध्यक्ष हा माणूस सभेत बोलायला उभा राहिला की खुर्चीसुद्धा मागे सरकायची. त्यांना विरोध करायची कुणाची छाती नव्हती. देखरेख कुणी करायची असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

काकांनी देखरेख अशी केली की गवंडी बिचारा स्वप्नातही दोरी धरून उभा राहत असेल. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायची, दोरी ताणायची, थर चढवायचा, परत नळी. भिंत झाली तेव्हा काका तिच्या एका टोकाला एक डोळा मिटून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले. घरी येऊन काकूंना म्हणाले, "एवढी सरळ वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंनी त्यांच्या तोंडून एवढं कौतुक कशाचंच ऐकलं नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण लेकीला दाखवायचं म्हणून त्यांनी आपल्या गॅलरीतून भिंतीचा फोटो काढला. भिंत लांबलचक, साध्या फोटोत मावेना. म्हणून त्यांनी मोबाइलमध्ये ते रुंद चित्राचं बटण असतं ते दाबलं. खाली अंगण आणि वरच्या कडेला भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण. फोटो लॅपटॉपवर घेतला. डावं टोक नेमकं कुठे, उजवं टोक नेमकं कुठे, आकडे काढले, आणि लाल रेघ ओढली.

दोन्ही टोकांना रेघ भिंतीला टेकली होती. पण मधोमध भिंत रेघेच्या चांगली वीतभर वर आली होती. गादीखाली कुणी मांजर लपवावं तशी.

काका जेवायला आले नाहीत. काकू बोलवायला गेल्या तर ते पडद्याकडे बघत बसले होते.

"काय झालं?"

"कुबड आलंय भिंतीला."

काकूंनी गॅलरीत जाऊन पाहिलं. "मला तर सरळ दिसतेय."

"मलाही दिसतेय. तेच तर वाईट आहे. डोळा गेला माझा."

त्यांनी रेघ पुसली, परत ओढली. जाड ओढली, बारीक ओढली. एक पिक्सेल वर, एक पिक्सेल खाली. कुबड हटेना. जे डोळे चार रंग केसावर जुळवायचे, त्यांनीच एवढी मोठी भिंत वाकडी बांधून घेतली, हे काकांना पटतही नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं. समोर पडद्यावर रेघ होती, काळ्या दगडावरची.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. काकांनी मात्र स्वतःहून सभा बोलवायला लावली. अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप टीव्हीला जोडला, फोटो दाखवला आणि उभं राहून म्हणाले, "भिंत वाकडी झाली आहे. देखरेख माझी होती, चूक माझी आहे. गवंड्याला बोल लावू नका."

एक एक जण पुढे होऊन टीव्हीला नाक लावून बघायला लागला. आणि गंमत अशी की ज्याला कालपर्यंत काही दिसलं नव्हतं त्याला आता ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

"मी म्हटलंच होतं घरात, मध्ये काहीतरी उंच वाटतंय."

"मला तर चक्करच यायची तिकडे बघितलं की."

तळमजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, "पण नुसतं बघितलं तर सरळच दिसते ना?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, नजरेला धोका होतो. कॉम्प्युटरला होत नाही." मग ते काकांकडे वळले. "ओळंबे, तुमच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. चूक कबूल करायला छाती लागते. आपण भिंत दुरुस्त करू."

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी त्यांनी न केलेली चूक जगजाहीर कबूल केली होती, आणि हे ना त्यांना ठाऊक होतं ना आम्हाला.

गवंडी परत आला. मधले थर काढायचे म्हटल्यावर त्यानं सवयीनं पाण्याची नळी काढली.

"ती ठेव बाजूला," काका गॅलरीतून ओरडले. "मी सांगतो तसं कर."

"नळी तर बरोबर दाखवतेय, साहेब."

"पडदा दाखवत नाही!"

गवंड्यानं खांदे उडवले. "तुम्ही म्हणाल तसं. भिंत तुमची, मजुरी माझी." त्यानं विडी विझवली आणि छिन्नी उचलली. वाद घालणं हा त्याच्या कामाचा भाग नव्हता.

काकांनी मोबाइल गॅलरीच्या कठड्याला सुतळीनं घट्ट बांधला होता. गवंडी एक वीट काढायचा, काका फोटो काढायचे, रेघ ओढायचे, आणि वरून ओरडायचे: "अजून एक! नाही, तिच्या डावीकडची! आता थांब!" असं तीन दिवस चाललं. पलीकडच्या इमारतीतली माणसं गॅलऱ्यांमधून हा तमाशा बघत होती. निघालेल्या विटा भिंतीच्या मधोमध, आमच्या बाजूला, पायाशी रचून ठेवल्या होत्या. त्या उचलायच्या कुणी यावर नंतर सभेत चर्चा झाली आणि त्या तिथेच राहिल्या.

शेवटी लाल रेघ भिंतीच्या कडेवर अशी बसली की वेगळी दिसेना. काकांनी मोठा श्वास सोडला.

आता अंगणात उभं राहून बघितलं तर भिंत मधोमध खचल्यासारखी दिसत होती, दोन खुंट्यांना बांधलेल्या ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी. पण तसं कुणी म्हणत नव्हतं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन काकांच्या घरी यायचे आणि टीव्हीवर ती भिंत दाखवायला लावायचे. "कॉम्प्युटरवर बांधलेली भिंत आहे ही." पाहुणे टीव्ही बघायचे, "वा!" म्हणायचे. मागे गॅलरीचं दार उघडं असायचं आणि त्यातून खरी भिंत दिसत असायची. तिकडे कुणी मान वळवायचं नाही. काकू चहा करून करून थकल्या.

पुढे महिनाभरानं काकूंनी कपाटावरच्या फळीवर नवे डबे मांडले, आणि लेकीला दाखवायला काकांनी त्या फळीचा फोटो काढला. हात त्याच बटणावर गेला. सवयीनं रेघ ओढली, तर फळीला कुबड. काकांनी फळीवर पट्टी ठेवून पाहिली, फळी सरळ. त्यांनी दाराच्या चौकटीचा फोटो काढला, वरची पट्टी फुगलेली. टेबलाची कड फोटोत खालच्या बाजूला होती, तर ती उलटी, खाली लोंबलेली. एका दुपारी अख्खं घर पावासारखं फुगलं.

मग त्यांनी छापखान्यातली आपली पोलादी पट्टी काढली. ती फोटोत वर धरली तर कुबड, खाली धरली तर झोळ, मधोमध धरली तर सरळ. पट्टी तीच होती.

ते खुर्चीत बसले. काकूंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"फोन लाव तिला."

लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, "हो बाबा, त्या रुंद फोटोचं भिंग तसंच असतं. कडेच्या सरळ रेघा बाहेर फुगतात. मी सांगितलं नव्हतं का?"

"नाही."

"राहिलं असेल. त्यात काय, ते दुरुस्त करता येतं. बुद्धिबळाच्या पटाचे फोटो काढायचे, त्यावरून पायथॉनला कळतं भिंग किती वाकवतंय, मग तो चित्र सरळ करून देतो. पण असं काय बिघडलंय त्यानं?"

"भिंत पाडली," काका म्हणाले.

लेक हळूच म्हणाली, "सगळी?"

"मधली."

काकांनी पट आणला, वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले, लेकीनं सांगितलं तसं केलं. मग भिंतीचे दोन्ही फोटो, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, सरळ करून घेतले आणि रेघा ओढल्या. पहिल्यात भिंत रेघेला अशी चिकटली होती जशी ती पहिल्या दिवशी काकांच्या डोळ्याला दिसली होती. दुसऱ्यात मधोमध वीतभर खड्डा. म्हणजे डोळा शाबूत होता. ही आनंदाची बातमी होती, पण सांगायची कुणाला?

त्यांनी पुन्हा सभा बोलवायला लावली. पुन्हा अध्यक्षांची खोली, पुन्हा टीव्ही. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी माझी चूक आहे म्हणालो, ती चूक होती. म्हणजे तेव्हा चूक नव्हती. आता आहे. आधीची भिंत सरळ होती. मी ती वाकडी करवून घेतली."

कुणालाच काही कळलं नाही. काकांनी चित्रं दाखवली. अध्यक्षांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भिंतीचं उद्घाटन त्यांनी दोनदा केलं होतं.

"ओळंबे," ते म्हणाले, "कॉम्प्युटरनं भिंत सरळ असल्याचं सिद्ध केलेलं आहे."

"हाही कॉम्प्युटरच आहे."

"पण या चित्रात तुम्ही काहीतरी बदल केलाय ना?"

"हो. भिंगानं वाकवलेलं सरळ केलंय."

"म्हणजे फेरफार!" अध्यक्षांनी हात वर केला. "पहिलं चित्र जसं आलं तसं होतं. ते खरं."

"अहो, पण समोर खिडकीतून बघा ना."

"नजरेला धोका होतो," कुणीतरी मागून म्हणालं.

सभेनं एकमतानं भिंत सरळ असल्याचं ठरवलं. जिन्यात लोकांनी काकांच्या पाठीवर हात ठेवले. वय झालं की असं होतं, मनाला लावून घेऊ नका, वगैरे. तरीही काका पुढचे काही दिवस दारोदार जाऊन आपली चूक पटवायचा प्रयत्न करत होते. लोक त्यांना बसायला सांगायचे, पाणी द्यायचे, आणि म्हणायचे, "किती नम्र आहात हो तुम्ही!" शेवटी त्यांनी नाद सोडला. लॅपटॉप कपाटात गेला. सकाळी गॅलरीत उभे राहिले की ते भिंतीकडे पाठ करून दात घासायचे.

या सगळ्यात भिंतीच्या त्या खड्ड्याचं काय चाललंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

पलीकडच्या इमारतीत तळमजल्याला एक शिंपीणबाई राहायच्या. नवरा गेलेला, मुलं नाहीत, मशीन खिडकीशी, आणि तोंड मशीनपेक्षा वेगानं चालणारं. एकदा काकूंच्या गॅलरीतला वाळत घातलेला टॉवेल वाऱ्यानं उडाला आणि भिंतीपलीकडे जाऊन पडला. काकू खाली उतरल्या. भिंतीपाशी गेल्या, रचून ठेवलेल्या विटांवर चढल्या, तर हनुवटी भिंतीच्या वर आली. पलीकडे शिंपीणबाई टॉवेल झटकत उभ्या होत्या.

"याची शिवण उसवलीय," त्या म्हणाल्या. "थांबा, दोन टाके घालून देते."

दोन टाके पडायला तासभर लागला. दुसऱ्या दिवशी काकू विचारायला गेल्या की टाक्यांचे किती द्यायचे. त्यालाही तासभर लागला. तिसऱ्या दिवशी कारण नव्हतं, तरी गेल्या.

एक दिवस दुपारी काका पडल्या पडल्या पेपर वाचत होते. खालून हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, मोकळं, दम लागेपर्यंत हसणं. कुणाची तरी पाहुणी असेल असं त्यांना वाटलं. मग ते उठून गॅलरीत आले. भिंतीच्या खड्ड्यावर कोपरं टेकून काकू हसत होत्या. पलीकडे शिंपीणबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. सांगताना त्यांनी मंगळवारचा बुधवार केला असेल, दोनाचे चार केले असतील. काकू फक्त "अगं बाई!" म्हणत होत्या. लेक गेल्यापासून काकांनी तो आवाज ऐकला नव्हता. ते बराच वेळ कठडा धरून उभे होते, आणि खाली दिसणारी भिंत वाकडी आहे याची त्यांना आठवण झाली नाही.

हळूहळू तिथे आणखी दोघी-तिघी जमायला लागल्या. इकडची भाजी तिकडे, तिकडची मासिकं इकडे. आणि अर्थातच इकडच्या बातम्या तिकडे. अध्यक्षांच्या घरी सून सासूशी काय बोलली हे पलीकडच्या इमारतीला अध्यक्षांच्या आधी कळायला लागलं.

अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली.

"भिंत मध्ये खाली आहे," ते उभं राहून म्हणाले. "त्यामुळे गैरप्रकार होताहेत. मधला भाग उंच करावा असा प्रस्ताव आहे. विटा तिथेच आहेत, खर्च फारसा नाही."

माना डोलायला लागल्या. काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि तो ओंजळीत धरून बसल्या.

काका उठले. "किती खाली आहे?"

"तुम्हीच सांगितलं होतं, वीतभर."

"मी सांगितलं होतं, आणि सभेनं ते खोटं ठरवलं." काकांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. तो त्यांनी घरूनच आणला होता. टीव्हीला जोडला. दुरुस्तीनंतरचं जुनं चित्र उघडलं, न सुधारलेलं, रुंद भिंगाचं, आणि त्यावर लाल रेघ ओढली. रेघ भिंतीच्या कडेवर तंतोतंत बसली.

"आता दाखवा," काका म्हणाले, "यात खाली कुठे आहे?"

अध्यक्ष खिडकीकडे धावले. "अहो, टीव्हीत काय बघता? ही समोर दिसतेय की! आंधळ्यालाही दिसेल!"

"नजरेला धोका होतो," काका म्हणाले. "कॉम्प्युटरला होत नाही. हे वाक्य माझं नाही."

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "बरोबर आहे, ठराव झालेला आहे. सरळ भिंत परत सरळ कशी करणार?" अध्यक्षांनी टीव्हीकडे पाहिलं, खिडकीतून पाहिलं. दोनदा उद्घाटन केलेल्या भिंतीला वाकडी म्हणायचं तर आपणच वाकडे ठरतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं असावं. ते खुर्चीत बसले आणि गच्चीच्या गळतीचा विषय काढला.

मी काकांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचे कान लालभडक झाले होते, आणि लॅपटॉपची वायर त्यांना निघेना, ती मीच काढून दिली.

घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, "तुम्ही खोटं बोललात?" हे मला काकूंनीच नंतर सांगितलं, विटांवर उभ्या राहून, शिंपीणबाईंसमोर.

"बोललो नाही," काका म्हणाले. "दाखवलं फक्त."

"पण तुम्हाला माहीत होतं ना?"

काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू मघाशी त्या शिंपीणबाईंचं काहीतरी सांगत होतीस. पुढे काय झालं त्यांच्या भावाचं?"

काकूंनी सांगायला सुरुवात केली. गोष्टीत दोन वार चुकले, एक गाव बदललं, भावाचं वय मधेच दहा वर्षांनी घटलं. काका ऐकत होते. तोंड दोनदा उघडलं, पण त्यातून "हं" एवढंच बाहेर आलं. गोष्ट रंगात आली तेवढ्यात खालून शिंपीणबाईंची हाक आली, आणि काकू "आले, आले" करत भाऊ अर्धवट टाकून निघून गेल्या.

काकांनी मग स्वतःच चहा केला. साखर जास्त पडली होती. तसाच प्यायले.